अॅप उघडलेलं नसताना जाहिराती येतात, काय करू?

प्रश्न : ताई, माझ्या आईच्या अँड्रॉइड फोनवर कधीही फुल स्क्रीन जाहिरात येते. काहीच उघडलेलं नसतं, लॉक काढला की जाहिरात, फोन ठेवला की जाहिरात, आणि बंद करायची ती फुली इतकी बारीक असते की तिचं बोट नेमकं जाहिरातीवर पडतं आणि भलतंच काहीतरी उघडतं. आता ती फोन हातात घ्यायलाच घाबरते. एक क्लीनर अॅप टाकून बघितलं तर उलट वाढल्या. सगळे म्हणतात फॉरमॅट मार, पण तिचे सगळे फोटो आणि चॅट त्यातच आहेत. दुसरा काही उपाय आहे का?

उत्तर : आहे, आणि फॉरमॅट तर आत्ता अजिबात मारू नका. सगळ्यात आधी आईंना सांगा की त्यांच्या हातून फोन बिघडलेला नाही, कारण ही भीती एकदा बसली की माणूस फोन वापरणंच सोडून देतो. दुसरं कुठलंही अॅप उघडं नसताना अशी अख्ख्या स्क्रीनवर जाहिरात आली तर ती बहुतेक वेळा फोनमधल्याच एखाद्या अॅपने टाकलेली असते, ते अॅप शोधून काढून टाकलं की प्रश्न सुटतो आणि फोटो-चॅटला धक्काही लागत नाही.

अॅप पकडायची वेळ म्हणजे जाहिरात समोर असताना. पुढच्या वेळी आली की फुली शोधत बसू नका, लगेच रिसेंट्सचं बटण दाबा, खाली बटणं नसतील तर तळापासून वर स्वाइप करून मधेच बोट थांबवा. उघड्या असलेल्या सगळ्या गोष्टी दिसतील, त्यात जाहिरातीच्या चौकटीवर ज्या अॅपचं चिन्ह असेल त्यावर संशय घ्या. त्या चिन्हावर टॅप करून किंवा दाबून धरून अॅप इन्फो उघडा आणि तिथूनच अनइन्स्टॉल करा. टॉर्च, क्यूआर स्कॅनर, वॉलपेपर, फोटो एडिटर, बॅटरी सेव्हर असली अॅप्स यात फार वेळा सापडतात, आणि क्लीनर टाकल्यावर जाहिराती वाढल्या असं तुम्हीच लिहिलंय तर ते आजच काढा, मेमरी सांभाळायचं काम अँड्रॉइड स्वतः करतं, त्याला वेगळं अॅप लागत नाही.

काही अॅप्स मात्र फार डांबिस असतात. रिसेंट्समध्ये नावच दाखवत नाहीत, होम स्क्रीनवरचं स्वतःचं चिन्हही लपवतात, म्हणजे वापरणाऱ्याला वाटतं की असं काही अॅप फोनमध्ये नाहीच. त्यासाठी सेटिंग्जमध्ये अॅप्समध्ये जाऊन पूर्ण यादी उघडा आणि शांतपणे वरपासून खालपर्यंत वाचा, रिकाम्या चिन्हाचं, नाव नसलेलं किंवा आपण कधी घेतल्याचं आठवत नाही असं काही दिसलं तर त्याची माहिती उघडून बघा. फक्त फोनबरोबर आलेली सिस्टिमची अॅप्स संशयावरून बंद करत सुटू नका.

यानंतर सेटिंग्जमधल्या स्पेशल अॅप अॅक्सेसमध्ये डिस्प्ले ओव्हर अदर अॅप्स, म्हणजे दुसऱ्या अॅपच्या वर येऊन दिसायची परवानगी बघा, काही फोनमध्ये तिला अपिअर ऑन टॉप म्हणतात, आणि मला विचाराल तर खरी मेख इथेच आहे. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून मागे चालणाऱ्या अॅपला अचानक आपली स्क्रीन पुढे आणायला बंधन घातलंय, पण ज्या अॅपला ही परवानगी दिलेली आहे त्याला त्यातून सूट मिळते. कोण फोन करतंय ते दाखवणारं अॅप किंवा चॅटचे तरंगते गोळे यांना ती लागते हे ठीक, पण टॉर्चला किंवा वॉलपेपरला कशाला हवी? तिथलं बटण बंद करा.

अनइन्स्टॉलचं बटण दबतच नसेल तर त्या अॅपने डिव्हाइस अॅडमिनचा, म्हणजे फोनवर जास्तीचा ताबा ठेवायचा अधिकार घेतलेला असू शकतो, सिक्युरिटीच्या सेटिंगमध्ये तो आधी काढा. जाहिराती इतक्या येत असतील की सेटिंग्जपर्यंत पोचताच येत नाही, तर सेफ मोड वापरा. बऱ्याच फोनमध्ये पॉवर ऑफचा पर्याय दाबून धरला की सेफ मोडमध्ये जायचं का असं फोन विचारतो, आणि त्यात नंतर टाकलेली सगळी अॅप्स तात्पुरती बंद राहतात, मग निवांतपणे साफसफाई करता येते. तिथे जाहिराती थांबल्या तर दोष बाहेरून आलेल्या अॅपचाच हे पण कळतं.

आणि प्ले स्टोअरवरून घेतलं म्हणजे चांगलंच असणार असं धरून चालू नका. फेब्रुवारी २०२० मध्ये गूगलने त्रासदायक जाहिरातींबद्दल जवळपास ६०० अॅप्स एकदम स्टोअरवरून काढली होती, म्हणजे तोवर ती तिथेच होती. तरीही कोणीतरी पाठवलेली एपीके फाइल, म्हणजे स्टोअरबाहेरून अॅप टाकायची फाइल, टाकण्यापेक्षा स्टोअर कधीही बरं. स्टोअरमध्ये प्रोफाइलच्या चित्रावर टॅप केलं की प्ले प्रोटेक्ट ही गूगलची अॅप तपासायची सोय दिसेल, एकदा स्कॅन करून घ्या.

एक मात्र आहे, काही कंपन्यांच्या फोनमध्ये थीम, ब्राउझर, लॉक स्क्रीनचे वॉलपेपर असल्या त्यांच्याच अॅप्समध्ये जाहिराती असतात. तिथे काढण्यासारखं काही नसतं, त्या त्या अॅपच्या सेटिंगमध्ये रेकमेंडेशन्स (शिफारशींच्या नावाखाली येणाऱ्या जाहिराती) बंद करावी लागतात.

हे सगळं करताना फोन आईंच्या हातातच राहू द्या आणि तुम्ही शेजारी बसा. जाहिरात आली की फुलीच्या मागे न लागता होम दाबायचं, एवढं त्यांना जमलं तरी चुकून दाबलं जाण्याची धास्ती बरीच कमी होईल.

प्रश्न : माझ्या फोनवर सारखं नोटिफिकेशन येतं की फोनमध्ये ५ व्हायरस आहेत, लगेच साफ करा. खरंच व्हायरस असेल का?

उत्तर : नाही, आणि त्यावर टॅप करून काहीही डाउनलोड करू नका. नोटिफिकेशनवर नीट बघा, क्रोमचं नाव आणि कुठल्यातरी साइटचा पत्ता दिसेल. वेबसाइटला तुमचा फोन तपासता येतच नाही, तो आकडा सरळ बनवलेला असतो. कधीतरी एखाद्या पानाने तुम्ही रोबोट नाही हे दाखवायला अलाउ दाबा असं सांगितलं असेल आणि तुम्ही दाबलं असेल, ती खरं तर नोटिफिकेशनची परवानगी होती. खऱ्या तपासणीला ती लागत नाही. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स उघडा आणि ओळखीच्या नसलेल्या सगळ्या साइट्स ब्लॉक करा. तिथेच पॉप-अप्स अँड रिडायरेक्ट्स बंद आहे ना तेही बघून घ्या.

प्रश्न : आयफोनमध्ये पण असं होतं का? माझ्या कॅलेंडरमध्ये रोज व्हायरसच्या सूचना येतायत, डिलीट केल्या तरी परत येतात.

उत्तर : आयफोनमध्ये एका अॅपला दुसऱ्या अॅपवर असं चढून बसता येत नाही, त्यामुळे तिथे दुसरी वाट शोधतात. एखाद्या साइटवर चुकून ओके दाबलं गेलं की परकं कॅलेंडर सबस्क्राइब होतं आणि ते स्वतःच नोंदी टाकत राहतं, म्हणून एकेक नोंद पुसून उपयोग नाही, आणि नोंदीतल्या लिंकवर तर टॅप करूच नका. कॅलेंडर अॅपमध्ये खाली कॅलेंडर्सवर टॅप करा, अनोळखी नावाशेजारच्या माहितीच्या चिन्हावर जा आणि ते अख्खं कॅलेंडरच काढून टाका. सफारीच्या सेटिंगमध्ये ब्लॉक पॉप-अप्स पण चालू ठेवा.