बिल, कार्ड आणि टीप : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज होता. काढायला सांगितला तर मॅनेजर म्हणाला, ‘मेनूकार्डावर छापलंय, द्यावाच लागेल.’ हे बरोबर आहे का? (एक वाचक, ठाणे)

नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हॉटेलने सर्व्हिस चार्ज परस्पर बिलात घालायचा नाही, दुसऱ्या नावाने घ्यायचा नाही आणि तो देत नाही म्हणून कुणाला प्रवेशही नाकारायचा नाही. हॉटेलचालकांच्या संघटना याविरुद्ध कोर्टात गेल्या होत्या. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ही तत्त्वं कायम ठेवली. मेनूकार्डावर छापल्याने काही बदलत नाही.

२,४०० रुपयांच्या जेवणावर १० टक्के म्हणजे २४० आणि त्यावर ५ टक्के जीएसटी धरला तर तुमचे २५२ रुपये जातात. ते हॉटेलच्या खात्यात जमा होतात, त्यातले वेटरला किती द्यायचे हे मालक ठरवतो. म्हणून कार्ड काढण्याआधी बिल वाचा आणि सर्व्हिस चार्ज वगळून नवं बिल छापून घ्या. पेनने खोडलेलं चालवून घेऊ नका, त्यात जीएसटी जुन्याच रकमेवर राहतो. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार करा. जीएसटी मात्र द्यायचाच.

प्रश्न : टीपही कार्डातूनच द्यायची असेल तर? (एक वाचक, पुणे)

वेटर मशीनवर रक्कम टाकतो, त्याच्या आधी सांगा. आपल्याकडे पिन दाबला की रक्कम पक्की झाली, नंतर स्लिपवर टीप लिहून उपयोग नाही. ‘शंभर टीप’ असं मोघम न सांगता एकूण आकडा सांगा : ‘बिल १,२६० आहे, १,३६० घ्या.’ पडद्यावर तोच आकडा दिसला की मग पिन. ५,००० रुपयांपर्यंत कार्ड नुसतं टेकवून पैसे जातात, पिन मागितलाच जात नाही. तिथे तर आकडा वाचल्याशिवाय कार्ड मशीनजवळ नेऊ नका. आणि कार्ड काउंटरवर पाठवू नका. मशीन टेबलाशी येत नसेल तर आपण उठून जावं.

आमचं मत विचाराल तर टीप रोख, वेटरच्या हातात द्यावी. कार्डातली टीप आधी मालकाच्या खात्यात जाते आणि बँकेचं कमिशन त्यातूनही कापलं जाऊ शकतं. दिवसभर उभं राहून वाढणाऱ्या माणसाला ते पैसे त्याच रात्री मिळावेत.

प्रश्न : मशीनवर ‘व्यवहार अयशस्वी’ आलं, पण मोबाइलवर पैसे कापल्याचा मेसेज. हॉटेल म्हणतं, पुन्हा भरा. (एक वाचक, नागपूर)

बँकेने पैसे कापलेले असतात, पण मंजुरीचा निरोप मशीनपर्यंत पोचत नाही. बहुतेक वेळा मशीनचं नेटवर्क तुटल्याने हे होतं. घाईने दुसऱ्यांदा कार्ड लावू नका. आधी मशीनवर शेवटच्या व्यवहाराची स्थिती बघायला सांगा. यूपीआय असेल तर हॉटेलने स्वतःच्या ॲपमध्ये पैसे आलेत का ते पाहावं, तुमच्या मोबाइलवरचा मेसेज हा त्यांच्यासाठी पुरावा नाही. त्यांच्याकडे खरंच आले नसतील तर अयशस्वी व्यवहाराची स्लिप मागून घ्या, तिच्यावरचा १२ अंकी संदर्भ क्रमांक जपा आणि दुसऱ्या मार्गाने बिल भरा. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार कापलेली रक्कम पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी. त्यानंतर बँकेने दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते.

दोन्ही व्यवहार यशस्वी झाले असतील किंवा ८५० ऐवजी ८,५०० कापले गेले असतील, तर मात्र पैसे हॉटेलने परत करायचे. इथे वेळ फार महत्त्वाची. रात्री मशीनचा हिशेब बंद होण्याआधी तो व्यवहार मशीनवरच रद्द करता येतो, त्याला ‘व्हॉइड’ म्हणतात. हिशेब बंद झाला की ‘रिफंड’ करावा लागतो आणि पैसे यायला कामकाजाचे काही दिवस जातात. म्हणून चूक लक्षात येताच त्याच रात्री फोन करा.

प्रश्न : माझं रेस्टॉरंट आहे. कार्डातून आलेल्या टीपेचा हिशेब कसा ठेवू? टीडीएस कापायचा का? (एक मालक, कोल्हापूर)

टीप विक्रीत मिसळू नका. बिलिंगमध्ये तिची नोंद वेगळी करा आणि रोज रात्री मशीनचा एकूण आकडा कार्डाच्या बिलांच्या बेरजेशी ताडून पाहा. जास्तीची रक्कम ही त्या दिवसाची टीप. वहीत बिल नंबर, रक्कम आणि वेटरचं नाव लिहा. भटारखाना आणि टेबल पुसणाऱ्यांचा वाटा किती, हे आधीच ठरवून भिंतीवर लावा आणि दर आठवड्याला सह्या घेऊन वाटप करा. फुटलेल्या काचेचे पैसे यातून कापणं अन्यायाचं आहे.

ग्राहकाने राजीखुशीने दिलेली टीप मालकाने नुसती वाटून दिली तर ती पगार ठरत नाही, त्यावर पगाराचा टीडीएस कापायचा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आयटीसीच्या प्रकरणात स्पष्ट केलं. ती कर्मचाऱ्याचं ‘इतर उत्पन्न’ असते.

रुपे डेबिट कार्डावर कमिशन शून्य आहे. इतर डेबिट कार्डांवर, वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर असेल तर कमाल ०.९० टक्के. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही. शंभराच्या टीपेमागे जाणारा रुपया-दोन रुपये तुम्ही सोसा. डेबिट कार्डाचं कमिशन ग्राहकाकडूनही घेता येत नाही.

प्रश्न : लेकीकडे न्यू जर्सीला जातोय. तिथे कार्डावर टीप कशी देतात? (एक वाचक, सांगली)

निघण्याआधी बँकेच्या ॲपमधून कार्डाचा परदेशी वापर चालू करा. तिथे वेटर बऱ्याचदा कार्ड घेऊन जातो आणि स्लिप आणतो, टीप आणि एकूण रक्कम आपण लिहून सही करायची. टीप कर धरण्याआधीच्या रकमेवर, साधारण १८ ते २० टक्के. जेवण ६० डॉलर, कर ३.९८, टीप १०.८०, म्हणजे एकूण ७४.७८. मोठ्या गटाच्या बिलात टीप आधीच धरलेली असू शकते, ती तपासा. आधीचा मेसेज ६३.९८ चा आणि नंतर खात्यातून ७४.७८ गेले तर घाबरू नका, टीप मागाहून जोडली जाते. आपली स्लिप तेवढी जपून ठेवा. मशीनने ‘रुपये की डॉलर’ विचारलं तर डॉलर निवडा. रुपये निवडले तर विनिमयाचा दर मशीनवाल्याचा लागतो आणि तो सहसा महागात पडतो.