४५ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा आणि ७०-२०० मिमी लेन्स आहे. सांगलीत कृष्णेच्या घाटावर खंड्या टिपायला क्रॉप करून (फोटोचा हवा तेवढा भाग कापून) भागेल का, की मोठी लेन्स घ्यावी?

बऱ्याच अंशी भागेल, लगेच लाखभर घालवू नका. ८२५६×५५०४ च्या फ्रेममधून दीडपट क्रॉप केला की २०० ची लेन्स ३०० सारखी दिसते आणि हातात २० मेगापिक्सेल उरतात. १२×१८ इंची प्रिंटला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ५४००×३६०० पिक्सेल लागतात, म्हणजे तेवढ्यात ती आरामात निघते. दुप्पट क्रॉपला ११ मेगापिक्सेल उरतात, तेही ८×१२ ला पुरतात. तिप्पट केलात तर जेमतेम ५. तिथे मी थांबतो.

खरी अडचण पिक्सेलची नाहीच. क्रॉप केला की हात हलल्याचा धूसरपणा आणि नॉइजही (फोटोतला दाणेदारपणा) तितकाच मोठा होतो. मी आयर्विन पुलाजवळ सकाळी १/२५० सेकंदाच्या शटर स्पीडला काढलेला खंड्या कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर झकास दिसला. घरी मोठा करून पाहिला तर चोचीची कडा दुहेरी! तेव्हापासून बसलेल्या पक्ष्यालाही १/१००० ठेवतो, त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) वाढला तरी चालेल. फोकस डोळ्यावरच हवा.

सूर मारणारा खंड्या हवा असेल तर मात्र ५०० ची लेन्स एकदा भाड्याने घेऊन बघा.