‘बिट्टूला गावाला पाठवलंय’

“मॅडम, आमचा मुलगा ताप लपवतो.”

मी मुलांच्या मनाच्या अडचणी बघते. शाळा बुडवायला ताप आल्याचं सोंग करणारी मुलं माझ्याकडे पुष्कळ येतात. ताप लपवणारं मूल मी पहिल्यांदाच ऐकत होते. मुलगा सात वर्षांचा, दुसरीतला. त्याला आपण ओम म्हणू; घरातल्यांच्या ओळखीच्या खुणा मी बदलल्या आहेत आणि हे लिहायला त्यांची परवानगी आहे. जानेवारीतल्या एका सकाळी हा अंगात १०२ ताप घेऊन शाळेच्या रिक्षात बसला. वही परत देताना बाईंचा हात लागला, तेव्हा कळलं. फोन आल्यावर आई बँकेतून धावत गेली, तर हा तिला म्हणाला, “मला काही झालं नाहीये. मला घरीच ठेवा.”

आजारी मूल ‘मला घरी ने’ म्हणतं. ‘घरीच ठेवा’ का म्हणेल?

मी आणखी विचारत गेले, तसं एकेक बाहेर आलं. डिसेंबरपासून तो अंथरूण ओलं करत होता. तीन वर्षांचा असताना सुटलेली सवय परत आली होती. बालरोगतज्ज्ञांनी लघवी तपासून घेतली होती, त्यात काही निघालं नव्हतं. (हे आधी करून घ्यावंच. शरीराचं कारण नाही हे कळल्याशिवाय मनाचं कारण शोधू नये.) ओली चादर तो पहाटे उठून कपाटामागे कोंबायचा. आणि संक्रांतीनंतर आजी लेकीकडे सटाण्याला जायला निघाली, तर तिची पिशवी सापडेना. ती दोन दिवसांनी गच्चीवरच्या टाकीमागे मिळाली, आत तिचं लुगडं, चष्मा आणि रक्तदाबाच्या गोळ्या.

“घरात गेल्या काही महिन्यांत काही घडलंय का?”

“तसं काही नाही,” आई म्हणाली. वडील थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आमचा कुत्रा गेला. पण ओमला ते माहीत नाही.”

बिट्टू अकरा वर्षांचा लॅब्रेडोर. म्हणजे ओमच्या आधी चार वर्षं तो त्या घरात होता. लग्नानंतर मूल लवकर होत नव्हतं त्या काळात आणलेला. आईने एवढंच सांगितलं, पुढचं मला समजलं. गेल्या पावसाळ्यात तो खूप पाणी प्यायला लागला आणि घरातच शू करू लागला. म्हातारपण असेल असं वाटून वडील एकदोनदा त्याच्यावर जोरात ओरडले. नंतर तपासणी झाली, रक्तातलं क्रिएटिनिन फार वाढलेलं, म्हणजे किडन्या रक्त नीट गाळत नव्हत्या. किडन्या निकामी होत आल्या की कुत्रा असाच करतो, पाणी जास्त पितो, लघवी आवरत नाही, मग खाणं सुटतं आणि उलट्या सुरू होतात. एक दिवसाआड सलाईन झालं. दिवाळीच्या सुट्टीत ओम आजोळी संगमनेरला होता, तेव्हा बिट्टूला उठताही येईना. डॉक्टर म्हणाले, आता त्याला झोपवलेलं बरं, म्हणजे इंजेक्शन देऊन शांतपणे मरण दिलेलं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी नवराबायको त्याला घेऊन गेले. वडिलांच्या एका मित्राचा दिंडोरी रोडला मळा आहे, तिथे लिंबाखाली त्याला पुरलं.

चार दिवसांनी ओम परत आला. दारातूनच त्याने हाक मारली, “बिट्टू!” आईला सांगायचं होतं. तोंडातून निघालं ते असं: “बिट्टूला गावाला पाठवलंय, आत्याच्या मळ्यात. तो आजारी होता ना.”

त्यानंतर ते वाक्य सांभाळणं हाच घराचा उद्योग झाला. ओमला व्हिडिओ कॉल हवा असायचा. आत्या दर रविवारी काहीतरी सांगायची. आत्ता डाळिंबाच्या बागेत गेलाय, आत्ता झोपलाय. बिट्टूचं पाण्याचं भांडं आईने माळ्यावर टाकलं, कारण ते दिसलं की तिला रडू येई, आणि तिने रडलेलं ओमला दिसलं असतं तर प्रश्न आले असते. म्हणजे पोराला वाचवायला बोललेल्या खोट्यामुळे त्या बाईला स्वतःच्या घरात रडायची चोरी झाली होती. वडिलांनी तर कामावर कोणाला सांगितलंसुद्धा नव्हतं. कुत्र्यासाठी माणूस किती दुःख करू शकतो, याची परवानगी आपल्याकडे लोक हातचं राखूनच देतात.

ओम पहिल्या भेटीत बोलला नाही. माझ्याकडे एक टोपली आहे, तिच्यात प्लास्टिकचे प्राणी, माणसं, गाड्या. त्याने लाल बस काढली, तिच्यात कुत्रा बसवला. कुत्रा मोठा होता, त्याचं डोकं खिडकीतून बाहेर राहिलं. मग पांढऱ्या केसांची बाहुली शोधून बसच्या टपावर ठेवली.

“ही बस कुठे चालली?”

“सटाण्याला.”

“परत कधी येते?”

“ही बस परत येत नाही,” तो म्हणाला. अगदी साध्या आवाजात, जसं एखाद्याने वेळापत्रक वाचून दाखवावं.

दुसऱ्या भेटीत, कागदावर रंग भरता भरता, माझ्याकडे न बघता त्याने सांगितलं, “बिट्टूने सोफ्यावर शू केली होती. बाबांना मी सांगितलं.” थोड्या वेळाने, “मी पण करतो आता.”

एवढंच. पण त्याचा सगळा हिशेब त्यात होता. बिट्टू आजारी पडला, घरात शू केली, मी चुगली केली, बाबा ओरडले, आणि त्याला गावाला पाठवून दिलं. आता मला शू होते. मला ताप आला तर मलाही पाठवतील. आजीला खोकला झालाय आणि तिने पिशवी भरली आहे, म्हणजे तिची पाळी आधी. त्याच्या जागी बसून बघा, यात चूक कुठे आहे? त्याला जेवढं सांगितलं होतं तेवढ्यावरून त्याने अगदी बरोबर निष्कर्ष काढला होता.

“त्याला खरं सांगायला हवं,” मी आईवडिलांना म्हणाले. त्यावर आईने जो प्रश्न विचारला तो मला जवळजवळ प्रत्येक पालक विचारतो: “आता सांगितलं तर त्याचा आमच्यावरचा विश्वास उडणार नाही का?”

मी तिला म्हटलं, “तो आत्ताही विश्वास ठेवून नाहीये. असता तर त्याने ताप तुम्हालाच पहिल्यांदा सांगितला असता.”

मरणासाठी मराठीत मऊ शब्द फार आहेत, आणि ते मोठ्यांसाठी आहेत. गेला. देवाघरी गेला. देवाला आवडला. आपल्याला ‘गेला’मधलं मरण ऐकू येतं, मुलाला फक्त जाणं ऐकू येतं, आणि गेलेला माणूस संध्याकाळी येतो हे त्याला माहीत असतं. हंगेरीच्या मानसशास्त्रज्ञ मारिया नागी यांनी बुडापेस्टमधल्या तीन ते दहा वर्षांच्या मुलांशी बोलून १९४८ साली जे मांडलं त्यात हेच आहे की अगदी लहान मुलांना मरण म्हणजे कुठेतरी जाणं किंवा झोपणं वाटतं. मेलेला परत येत नाही, त्याला भूक लागत नाही, दुखत नाही, हे साधारण पाच ते दहाच्या दरम्यान हळूहळू उमगतं. ओम नेमका त्या उंबऱ्यावर होता, आणि आपण त्याला मागे ओढलं होतं. माझ्याकडे पूर्वी एक मुलगी यायची, तिचं मांजर ‘देवाला आवडलं’ म्हणून. तिने देवळात जायचं सोडलं होतं. देवाच्या नजरेस पडायला नको, म्हणून.

‘झोपवलं’ हा शब्द तर मी पालकांना वापरूच देत नाही. प्राण्यांच्या दवाखान्यात तो सर्रास वापरतात, मोठ्यांना त्याचा आधार वाटतो हेही खरं. पण ज्या मुलाला आपण रोज रात्री झोपवतो, आणि ज्याला उद्या टॉन्सिलच्या ऑपरेशनला ‘झोपेचं इंजेक्शन देतील’ असं सांगायची वेळ येऊ शकते, त्याला हा शब्द देऊ नये.

“मग काय म्हणायचं?” आईने विचारलं. “मेला? मॅडम, सासूबाई तर हा शब्द शिवी म्हणून वापरतात.”

हो, मेला. डास मेला, झुरळ मेलं, हे सात वर्षांच्या पोराला पक्कं माहीत असतं. त्याच्या ओळखीचा तो एकच शब्द आहे. आम्ही ती वाक्यं माझ्या खोलीत बसून तीन वेळा म्हणून बघितली. पहिल्या दोन वेळा आईला ‘मेला’च्या पुढे जाता आलं नाही. तिथे ती बिट्टूसाठी पहिल्यांदा मनमोकळी रडली. वडीलही. त्या दिवशी आमचं दुसरं काहीच झालं नाही, आणि ते मला मुळीच वाया गेल्यासारखं वाटलं नाही.

रविवारी सकाळी त्यांनी सांगितलं. आजीलाही मुद्दाम बसवलं. वाक्यं साधारण अशी होती: “आम्ही तुझ्याशी खोटं बोललो, ती आमची चूक झाली. बिट्टू सटाण्याला नाही. तो दिवाळीच्या सुट्टीत मेला. त्याच्या किडन्या बंद पडल्या होत्या, म्हणून तो घरात शू करायचा. तू सांगितलंस म्हणून काही झालं नाही. कोणी आजारी पडलं म्हणून आपण त्याला पाठवून देत नाही.”

ओमचा पहिला प्रश्न: “म्हणजे आत्या पण खोटं बोलली?” दुसरा: “त्याचा पट्टा कुठाय?” पट्टा हातात घेतला, आणि खाली खेळायला गेला. आईने घाबरून मला फोन केला, याला काहीच वाटलं नाही का? मुलं अशीच असतात. दुःख त्यांना एका वेळी थोडंच पेलतं, मग ती क्रिकेट खेळतात आणि परत येतात. तो रात्री परत आला. “तू त्याच्यावर ओरडला होतास,” वडिलांना म्हणाला आणि त्यांच्या छातीवर बुक्क्या मारत रडला. वडिलांनी बचाव केला नाही. “हो, ओरडलो. तो आजारी आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला अजून वाईट वाटतं त्याचं.”

इंजेक्शनचं त्याच दिवशी सांगायचं का, यावर आमचं बरंच बोलणं झालं होतं. माझं मत असं की मुलाने विचारलं तर लपवू नये, कारण हे कधीतरी दुसऱ्याच्या तोंडून कळतंच. ओमने तीन दिवसांनी विचारलं, “तो आपोआप मेला?” वडिलांनी सांगितलं की बिट्टू बरा होणार नव्हता आणि त्याला फार त्रास होत होता, डॉक्टरांनी आधी गुंगीचं इंजेक्शन दिलं, मग हृदय थांबवणारं औषध, आम्ही दोघं त्याच्या डोक्यावर हात ठेवून होतो. आणि पुढचं वाक्य मी त्यांच्याकडून पाठ करून घेतलं होतं, ते कोणीही गाळू नये: “असं हृदय थांबवणारं औषध आपल्याकडे फक्त प्राण्यांना देतात. माणसांना देत नाहीत. आजीला नाही, तुला नाही.”

लोक विचारतात, त्या वेळी मुलाला बरोबर न्यावं का? सात वर्षांच्या मुलाला इंजेक्शन देताना उभं करू नये असं मला वाटतं. पण आदल्या दिवशी त्याला जवळ बसू द्यावं, भरवायचं असेल तर भरवू द्यावं, आणि हा उद्या नसेल हे सांगावं. ओमला हे मिळालं नव्हतं. म्हणून ते सगळे दिंडोरी रोडच्या मळ्यात गेले.

मला वाटलं होतं आजी नाक मुरडेल, कुत्र्याचं कसलं हे सोवळंओवळं म्हणून. तिने निघताना भाकरी बांधून घेतली. वाटेत तिने ओमला सांगितलं की तिच्या माहेरी सर्जा नावाचा बैल होता, तो मेला तेव्हा तिच्या वडिलांनी त्याला खाटकाला न देता बांधावर पुरलं, खड्ड्यात मीठ टाकलं, आणि त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. पुढच्या पोळ्याला त्याच्या दाव्याला हळदकुंकू वाहिलं होतं. “पितरांच्या पानाआधी गाईचा, कावळ्याचा, कुत्र्याचा घास काढतो ना आपण,” ती म्हणाली, “मग बिट्टूचा का नको?” एवढ्या भेटींत माझ्याकडून जे झालं नव्हतं ते त्या बाईने गाडीत पाऊण तासात केलं. ओमने लिंबाखाली भाकरी ठेवली, वर दोन टोस्ट. बिट्टूला टोस्ट आवडायचे. मीठ टाकलं होतं का, हेही त्याने वडिलांना विचारून घेतलं. टाकलं होतं.

अंथरूण लगेच थांबलं नाही. मार्चपर्यंत आठवड्यातून एकदोनदा व्हायचं. चादर लपवणं मात्र बंद झालं, तो आईला उठवायचा. पाण्याचं भांडं माळ्यावरून खाली आलं, आता त्यात गच्चीत चिमण्यांना पाणी ठेवतात. वडिलांनी मध्येच तसंच दिसणारं पिल्लू आणायचं काढलं होतं, ओमच्या वाढदिवसाला. मी त्यांना थांबवलं. नवं पिल्लू जुन्याच्या जागेवर बसवलं की त्याच्यावरही अन्याय होतो, आणि मुलालाही वाटतं की माझ्या जागीही दुसरा आणता येईल. ओमला विचारलं तर तो म्हणाला, “आत्ता नको.” विषय संपला.

आजी एप्रिलमध्ये सटाण्याला गेली. ओम स्टँडवर सोडायला आला होता. पंधरा दिवसांनी ती परत आली, खोकल्यासकट, आणि पिशवीभर डाळिंबं घेऊन.

जुलैत आईचा मेसेज आला. रात्री दोन वाजता ओम तिच्या उशाशी उभा होता. त्याने तिचा हात ओढून आपल्या कपाळावर ठेवला आणि म्हणाला, “आई, बघ गं, मला ताप आहे का?”