लोहचुंबकातला ‘लोह’ काढू नका

प्रश्न असा आला आहे : ‘लोहचुंबक’ म्हणावं की नुसतं ‘चुंबक’? ‘लोह’ फुकटचं नाही का? आणि ‘चुंबकीय शक्ती’ व ‘चुंबकीय क्षेत्र’ एकच का?

दुसरं आधी उरकतो. एकच नाही. ‘शक्ती’ हा शब्द जिथे तिथे चिकटवायची खोड कानाला फार टोचते. क्षेत्र म्हणजे चुंबकाभोवतीचा तो टापू, जिथे सुई ठेवली तर वळेल. सुई नसली तरी क्षेत्र असतंच. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतलं चुंबकीय वेधांचं (म्हणजे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजण्याचं) काम १९०४ मध्ये अलिबागला नेलं. ट्रामसाठी वाहणाऱ्या विजेचं क्षेत्र वेधशाळेतल्या नाजूक सुया दुरूनच हलवणार होतं, कशालाही न शिवता. (आणि कृपा करून चुंबकाच्या ध्रुवांना धन-ऋण म्हणू नका. ते बॅटरीचे. चुंबकाचे उत्तर आणि दक्षिण.)

‘न शिवता’ हे लक्षात ठेवा, कारण ‘चुंबक’ शब्दात नेमकं शिवणं आहे. संस्कृतात चुंबक म्हणजे मुळात चुंबन घेणारा. वरवर पुस्तकं चाळून थोडंथोडं जाणणाऱ्यालाही चुंबक म्हटलेलं आहे : ग्रंथाला ओठ लावले, आत शिरला नाही. म्हणजे कोणाचा चुंबक हे सांगावंच लागतं. लोहाचा चुंबक तो लोहचुंबक. षष्ठी तत्पुरुष, द्विरुक्ती नव्हे. ‘निकेल आणि कोबाल्टही ओढले जातात, म्हणून लोह चुकीचं’ असं काही विज्ञानशिक्षक ठासून सांगतात, ते मला साफ अमान्य आहे. तेल हा शब्द तिळापासून आला. म्हणून शेंगदाण्याचं तेल कोणी चूक ठरवतं का?

खरी मौज रसशास्त्रात, म्हणजे धातू-खनिजांपासून औषधं करण्याच्या जुन्या शास्त्रात आहे. ‘रसरत्नसमुच्चय’ या त्यातल्या ग्रंथात कांतलोहाचे (चुंबकी गुणाच्या लोहाचे) पाच प्रकार दिले आहेत : भ्रामक, चुंबक, कर्षक, द्रावक आणि रोमकांत. भ्रामक लोखंडाला फिरवतो, चुंबक त्याला बिलगतो, कर्षक ओढून घेतो. म्हणजे ओढणारा वेगळा आणि चुंबणारा वेगळा! आपण त्यातला फक्त बिलगणारा उचलला आणि दुरून ओढण्याचं कामही त्याच्यावरच घातलं.

दुरून ओढणाऱ्याला जुना, देखणा शब्द होता : अयस्कांत, लोखंडाचा प्रियकर. कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’च्या दुसऱ्या सर्गात ब्रह्मदेव देवांना सांगतो की संयमाने स्थिर झालेलं शंकराचं मन उमेच्या रूपाने ओढून घ्या, अयस्कांताने लोखंड ओढावं तसं. स्पर्शाचा उल्लेखही नाही. कानडी आणि तेलुगू भाषकांनी हा शब्द आजवर रोजच्या वापरात ठेवला, तमिळमध्ये ‘कांतम्’ आहे. आपण मात्र कांत गमावला. ‘अयस्कांत क्षेत्र’ म्हटलं असतं तर ‘क्षेत्र म्हणजे काय’ हे मुलांना निम्मं शब्दातूनच कळलं असतं. ‘बोजड होतं’ म्हणणाऱ्या परिभाषाकारांनी ‘विद्युतचुंबकीय प्रवर्तन’ मात्र बिनदिक्कत पाठ्यपुस्तकात घातलं!

आणि पाचवा, रोमकांत. तो फोडला की फुटलेल्या जागी रोम (बारीक केस) उगवतात, असं त्याचं वर्णन आहे. ग्रंथाचे टीकाकार काहीही म्हणोत, माझं मत पक्कं आहे : हे कल्पनेने रचलेलं नाही, कोणीतरी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. चुंबक दगड फोडला की प्रत्येक तुकड्याला दोन्ही ध्रुव येतात, आणि ताज्या फुटीवर त्याचाच बारीक चुरा केसांसारखा उभा राहतो. शाळेत कागदाखाली चुंबक धरून वर लोखंडाचा कीस भुरभुरवला की जे दिसतं, तेच हे. त्याला आपण बलरेषा म्हणतो. मी तरी मुलांना शिकवताना आधी ‘रोम’ म्हणतो, मग ‘रेषा’.