अर्ज परत आलाय, कॉलेज सोडू का?

दिवाळीची सुट्टी संपली की कोल्हापुरातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एकच काळजी वेगवेगळ्या तोंडांनी येते : ‘शिष्यवृत्तीचं काही खरं नाही, फी कुठनं भरू? शिक्षण सोडलेलं बरं.’ त्यातल्या एकाचा अनुभव, ओळख पुसून सांगते.

भुदरगड तालुक्यातला मुलगा. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, खुला प्रवर्ग, प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज भरलेला. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर या योजनेत निम्मं शिक्षण शुल्क सरकार भरतं.

तीन भेटी तो तेच सांगत राहिला. “मॅडम, फॉर्म रिजेक्ट झालाय. आई म्हैस विकायचं म्हणतीय. त्यापेक्षा मीच गोकुळ शिरगावला कामाला लागतो.”

चौथ्या भेटीत विचारलं, “रिजेक्ट असं कुठं लिहिलंय?”

“मेसेज आलाय की.”

“लॉगिन कर आणि मोठ्यानं वाच.”

मोबाईल हातात धरून तो बराच वेळ नुसता बसला. दीड महिना त्यानं ते पान उघडलंच नव्हतं. शेवटी उघडलं. ‘सेंड बॅक’, म्हणजे दुरुस्तीसाठी परत. खाली एका ओळीचा शेरा : उत्पन्नाचा दाखला अस्पष्ट.

“म्हणजे नको म्हटलेलं नाही?”

“काय म्हटलंय?”

“दाखला दिसत नाही म्हटलंय.” मग स्वतःच म्हणाला, “फोटो लईच लहान केलावता मी.”

पोर्टलवर फाईल २५६ केबीच्या आत लागते. त्यानं मोबाईलवर काढलेला फोटो इतका दाबला होता, की तहसीलदारांचा शिक्का म्हणजे नुसता निळा डाग उरला होता. घडलं होतं एवढंच. ‘आपण यात बसत नाही’ हा अर्थ त्याचा त्यानं लावला आणि दीड महिना त्याच अर्थाला भिऊन काढला. इतक्या वर्षांत मला हेच दिसत आलंय : घटना बदलता आली नाही तरी तिचा लावलेला अर्थ तपासता येतो, आणि तो तपासला की पाय हलतात.

जाताना दारात थांबून म्हणाला, “आबा म्हणत्यात, सरकारपुढं हात पसरायचा नाही.”

“दसरा चौकातनंच येतोस ना? तिथली बोर्डिंगं कुणामुळं उभी राहिली?”

“शाहू महाराजांच्या.”

“१९०१ पासून या गावात पोरं बोर्डिंगात राहून शिकली. त्यांनी हात पसरला होता?”

तो काही बोलला नाही. पुढच्या भेटीला मूळ दाखला घेऊन आला. मला त्याचं फार बरं वाटलं.

आता कामाचं. दाखला सपाट ठेवून उजेडात स्कॅन करा, लहान केल्यावर शिक्का वाचता येतोय का बघा. कागद बदलून पुन्हा सबमिट करायला विसरू नका. नाहीतर अर्ज तुमच्याच लॉगिनमध्ये पडून राहतो आणि तुम्ही कॉलेजच्या क्लार्कवर चिडत बसता. सबमिट केलेला अर्ज आधी कॉलेज तपासतं, मग सरकारचा विभाग.

मंजूर होऊनही पैसे दिसत नाहीत, तेव्हा बहुतेकदा बँकेचा घोळ असतो. खात्याला आधार जोडणं वेगळं आणि सीडिंग, म्हणजे सरकारी पैसे आधारवरून कुठल्या खात्यात जायचे याची नोंद, वेगळं. सीडिंग एका वेळी एकाच बँकेत असतं, त्यामुळे रक्कम कधीतरी उघडलेल्या जुन्या खात्यात गेलेली असते. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा.

मॅनेजमेंट कोट्यातल्या प्रवेशाला ही योजना लागू नाही, आणि एका कुटुंबातल्या दोनच मुलांना तिचा लाभ मिळतो. मुलींनी वेगळं लक्षात ठेवावं : ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश असेल आणि उत्पन्न याच ८ लाखांच्या मर्यादेत असेल, तर २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे.

सरकार भरणार असलेली रक्कम पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशावेळी मागू नये, अशा सूचना कॉलेजांना आहेत. तरी मागितली, तर भांडू नका. अर्जाची पोच जोडून प्राचार्यांना लेखी द्या आणि त्या पत्राचीही पोच घ्या.

अर्ज दरवर्षी नव्यानं भरावा लागतो. त्या मुलानं या खेपेला तहसीलमधून तीन वर्षांचा उत्पन्नाचा दाखला काढलाय. म्हैस गोठ्यातच आहे.