पहिला फोन कोणाला?

"मॅडम, पोरगी एकटी जंगलात जातो म्हणते. तेही लिफ्ट मागत मागत. तिला तुम्हीच समजवा."

गेल्या काही वर्षांत हे वाक्य धरमपेठेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत इतक्यांदा बोललं गेलंय, की आता येणाऱ्या आईवडिलांच्या चेहऱ्यावरूनच मला ते कळतं. कधी मुलगी असते, कधी मुलगा. मुलगा असला तर 'एकटा' या शब्दावरचा जोर थोडा कमी होतो, पण रात्रीची झोप दोघांच्याही आईवडिलांची उडालेली असते. आणि नागपूरला जंगल काही लांब नाही. वर पेंच, खाली उमरेड-कऱ्हांडला आणि ताडोबा, पूर्वेकडे नागझिरा, पश्चिमेला बोर. इथे वाढलेल्या मुलांना त्याची ओढ लागली तर मला त्यात आजार दिसत नाही. पहिल्याच भेटीत मी पालकांना हे स्पष्ट सांगते. काहींना ते आवडत नाही.

या अनुभवातल्या कुटुंबाची ओळख पटू नये एवढे बदल मी केले आहेत. मुलगी सव्वीस वर्षांची, मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला. वडील वीज मंडळातून निवृत्त झालेले लाईनमन. आई त्या दोघांच्या मधल्या खुर्चीवर बसायची आणि फार कमी बोलायची.

"जमाना कसा आहे, तुम्हाले सांगाले पाहिजे का?" वडील म्हणाले. "कोणाच्याही गाडीत बसून राहिली. काहून बाप्पा?"

"सगळे लोक वाईट नसतात, बाबा."

"सगळे नसतात. एकच पुरतो."

दोघांचंही खरं होतं, म्हणून तर वाद संपत नव्हता. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षं एक गोष्ट दिसते: बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा आरोपी ओळखीतलाच असतो. मुलीने हा आकडा पाठ केला होता आणि ती तो वडिलांच्या तोंडावर फेकायची. पण या आकड्यावरून अनोळखी माणूस निर्धोक ठरत नाही. आपण मुलांना नुसतं 'अनोळखी माणसाशी बोलू नको' शिकवतो आणि माणूस पारखायला शिकवायचं राहून जातं, एवढंच त्यातून कळतं.

तिसऱ्या भेटीला ती एकटी आली तेव्हा खरी गोष्ट निघाली. हिवाळ्यात ती एकदा जाऊन आली होती. घरी 'मैत्रिणीकडे अमरावतीला' असं सांगून ती सावनेर, सौसर करत छिंदवाड्याच्या पुढे तामियापर्यंत तीन गाड्या बदलत पोचली. लोक भले भेटले. एका कुटुंबाने तर डब्यातली पोळीभाजी दिली. परत येताना मात्र घाटात गाडी बंद पडली. अंधार झालेला, फोनची बॅटरी संपत आलेली, आणि ती कुठे आहे हे जगात कोणालाही माहीत नव्हतं.

"तेव्हा भीती कशाची वाटली?" मी विचारलं.

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "गाडीतल्या लोकांची नाही वाटली, मॅडम. बाबांचा फोन येईल याची वाटली."

हे वाक्य मी त्या दिवशी वहीत लिहून त्याखाली दोनदा रेघ ओढली. इतक्या वर्षांच्या कामात मला एक कळलंय. माणूस ज्या वाक्याने स्वतःच दचकतो, तिथे थांबायचं असतं, पुढे ढकलायचं नसतं. पुढच्या दोन भेटी आम्ही एवढंच ठरवण्यात घालवल्या की ही गोष्ट घरी कशी सांगायची.

ती सांगितली गेली त्या दिवशी वडील रागावलेसुद्धा नाहीत. ते नुसते खिडकीबाहेर बघत राहिले. मी दोघांना एकच प्रश्न विचारला. उद्या खरंच काही बिघडलं, तर पहिला फोन कोणाला जाईल?

"मलेच करंल नं," वडील म्हणाले. "अजून कोणाले?"

"नाही," ती म्हणाली. "पुण्याच्या मैत्रिणीला."

"मले काहून नाही?"

"कारण तुमचं पहिलं वाक्य असेल, 'मी सांगितलं होतं नं!' मला तेव्हा ते ऐकायचं नसेल, बाबा. मला तेव्हा गाडी हवी असेल."

आईने पहिल्यांदा मान वर केली. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. अशा वेळी समुपदेशकाने काहीतरी शहाणपणाचं बोलावं असा मोह होतो. मी तो आवरला आणि वडिलांना त्यांच्या नोकरीबद्दल विचारलं. सुरुवातीची वर्षं कुठे होती?

"गडचिरोलीकडे. एटापल्ली, भामरागड. पावसाळ्यात नाल्याले पूर आला की तिकडेच अडकायचो."

"मग राहायचात कुठे?"

"कोणाच्याही घरी. नाव माहीत नसायचं त्याचं. भात द्यायचे, खाट द्यायचे." ते बोलता बोलता थांबले. आपण काय बोललो ते त्यांच्या कानावर पडलं असावं. मुलगी त्यांच्याकडे टक लावून बघत होती. हे तिने कधी ऐकलंच नव्हतं.

"आणि खांबावर चढताना भीती?"

"भीती कशाची? परमिट घेतल्याबिगर चढतच नव्हतो." मग मला समजावं म्हणून त्यांनी सविस्तर सांगितलं. लाईनवर काम करायच्या आधी सबस्टेशनच्या ऑपरेटरकडून परमिट घ्यायचं. तो सप्लाय बंद करतो, नोंद करतो. लाईनमन अर्थिंग करतो आणि मगच चढतो. काम झालं की खाली उतरून परमिट परत करायचं. ते परत आल्याशिवाय काही झालं तरी लाईन चालू होत नाही.

"ऑपरेटर तुम्हाला चढू नको म्हणायचा का?" मी विचारलं.

"तो काहून म्हणंल? त्याचं काम ते नाही. मी वर आहो हे त्याले माहीत पाहिजे, बस."

हे बोलून ते एकदम गप्प झाले. मग मुलीकडे न बघता हळूच म्हणाले, "म्हणजे मी ऑपरेटर व्हाव म्हणता तुम्ही."

मी तसं काहीच म्हटलं नव्हतं. ते त्यांचं त्यांना सापडलं होतं. ज्याच्यासाठी मी हे काम निवडलं, ते क्षण असे असतात.

मूल आणि आईच्या नात्याचा अभ्यास करणारे मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी म्हणत, की पाठीशी भक्कम आधार असला तरच मूल निर्धास्त पुढे जातं. या विचारावर माझा पहिल्यापासून विश्वास आहे, आणि इथे तो मला पुन्हा लख्ख दिसला. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी लहान मुलांना आईसोबत एका अनोळखी खोलीत सोडून निरीक्षण केलं. आई जवळ असली की मूल खेळण्यांकडे सरकतं, मध्येच वळून तिच्याकडे बघतं आणि पुन्हा पुढे जातं. आई उठून गेली की अनेक मुलांचं खेळणंच थांबतं. मोठेपणीही फार वेगळं नसतं. ज्याला परतून बघायला कोणी आहे, तो लांब जातो आणि धड परत येतो. ज्याला घरापासून लपून जावं लागतं तोही जातोच, फक्त अडचणीत सापडला तर घरच्यांना हाक मारत नाही. म्हणून 'जाऊ देऊ की नको' असं विचारणाऱ्या पालकांना मी उलट विचारते: तुमचं मूल रात्री अकरा वाजता 'माझं चुकलं, मला न्यायला या' असं तुम्हाला सांगू शकेल का?

त्यानंतरचं काम तुलनेने सोपं होतं, कारण आता दोघं एका बाजूला बसून नकाशा बघत होते. पेंचच्या बॅकवॉटरला एकटीने तंबू ठोकायचा बेत मी स्वतःच खोडला. व्याघ्र प्रकल्पात परवानगीशिवाय शिरायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मनाई आहे आणि तिथे हौसेला जागा नाही. मग पाताळकोट ठरलं: तामियाजवळची हजार फुटांहून खोल दरी, आत भारिया आणि गोंड लोकांची गावं. मुक्काम गावातल्या घरी. मोहफुलांच्या दिवसांत भल्या पहाटे एकटीने रानात शिरायचं नाही, फुलं वेचायला अस्वलंही येतात. हे वडिलांनीच सांगितलं, गडचिरोलीतलं त्यांचं शिक्षण ते.

लिफ्टबद्दल मी मुलांना जे सांगते ते तिलाही सांगितलं. मोकळ्या रस्त्यावर हात दाखवू नका. पेट्रोल पंप, धाबा, टोल नाका अशा चार लोकांदेखत माणसाशी बोला. आपण कुठे जाणार हे आधी सांगू नका, तो कुठे चाललाय ते विचारा. बसण्याआधी नंबर प्लेटचा फोटो घरी पाठवा आणि पाठवलाय हे त्याला मोठ्याने सांगा. भला माणूस त्याचं वाईट वाटून घेत नाही. मालवाहू ट्रकमध्ये प्रवासी बसवणं नियमात बसत नाही, म्हणून ते टाळा. सूर्य मावळायच्या आत उतरा. ११२ नंबर लक्षात असू द्या, पण घाटात रेंज जाते हेही असू द्या. आणि माझी सगळ्यात आवडती सूचना ही, की सुरुवातीलाच एखादा छोटा 'नाही' म्हणून बघा. 'चहा नको', 'काच उघडी राहू द्या', 'इथे जरा थांबवा'. तुमचा छोटा नकार ज्याला सहज झेपतो, त्याच्यासोबत पुढे जा. जो हसून टाळतो किंवा चिडतो, त्याच्या गाडीतून पुढच्या धाब्यावर उतरा. पोटात काही खटकलं तर कारण शोधत बसू नका आणि उद्धट दिसायला घाबरू नका. आपल्याकडे मुलींना नम्र राहायचं इतकं शिकवतात, की धोका दिसत असतानाही त्या माफी मागत बसतात.

फेब्रुवारीत ती गेली. ठरलं होतं, सावनेरहून एक मेसेज, तामियाहून एक, आणि रात्री आठच्या आत मुक्कामाचा. त्या दिवशी संध्याकाळी सात वीसला मला वडिलांचा फोन आला. "मॅडम, तिसरा नाही आला."

"आठ ठरलेत नं, भाऊ?"

"हो."

"मग चाळीस मिनिटं आहेत."

त्यांनी फोन ठेवला नाही. आम्ही फारसं बोललो नाही. मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या, आई काहीतरी म्हणाली तेही ऐकू आलं. सात अठ्ठेचाळीसला त्यांच्या फोनची टण्ण वाजली. त्यांनी मला वाचून दाखवलं, "पोचली. नेटवर्क टेकडीवर येऊन मिळालं. परमिट परत."

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग विचारलं, "मॅडम, आता पहिलं वाक्य काय लिहू?"

"तुम्हाला काय वाटतं?"

टाईप करताना ते एकेक अक्षर मोठ्याने उच्चारत होते.

"जेवली का?"