लेखकाची सही किंवा हस्ताक्षरातला मजकूर असलेली कादंबरीची पहिली आवृत्ती विकत घेताना काय तपासावं?

आधी आवृत्ती, मग सही. बहुतेक जण नेमकं उलटं करतात आणि फसतात.

इंग्रजी पुस्तकांत मुद्रण-तपशिलाच्या पानावर बऱ्याचदा आकड्यांची एक ओळ असते. तिच्यात १ दिसत असेल तर साधारणपणे ती पहिली छपाई. पण रँडम हाउस या अमेरिकी प्रकाशकाच्या जुन्या पुस्तकांत ‘फर्स्ट एडिशन’ या शब्दांसोबत ओळ २ पासूनच सुरू व्हायची, म्हणून त्या त्या प्रकाशकाची पद्धत आधी माहीत करून घ्या. पुस्तकावरच्या सुट्या कागदी वेष्टणाच्या आतल्या घडीवर किंमतच छापलेली नसेल तर ती बुक क्लबची, म्हणजे वाचक-मंडळाच्या सभासदांसाठी वेगळी छापलेली प्रत असण्याची शंका घ्यावी.

वेष्टण फेकून देऊ नका, हे वेगळं सांगायला नको! विसाव्या शतकातल्या कादंबऱ्यांची निम्म्याहून अधिक किंमत कित्येकदा त्या कागदातच असते. मात्र हल्ली हुबेहूब नकलाही मिळतात.

आता हस्ताक्षर. नुसत्या सहीपेक्षा कुणाला तरी उद्देशून लिहिलेल्या दोन ओळी मला जास्त विश्वासार्ह वाटतात, कारण लांब मजकुराची नक्कल करणं कठीण. ती व्यक्ती लेखकाचा मित्र, संपादक किंवा दुसरा लेखक असेल तर भाव कितीतरी पटींनी चढतो. अनोळखी नाव असेल तर काही ग्राहक उलट नुसती सहीच पसंत करतात. शाईही पाहा. बॉलपेन सर्रास वापरात आलं ते १९४५ नंतर, तेव्हा त्याने लिहिलेली १९३० ची तारीख दिसली की पुस्तक खाली ठेवा.